माप

हर्णैच्या बर्फाच्या कारखान्यात
पहाटे चारला लाद्या निघतात.
दाऊदमियाँ आकडा मारून ओढतो, लादी फळीवरून घसरत येते
आणि मी भिंग लावून
तिच्या पोटातली पांढरी रेघ बघते.
बाई, काय दिसतं त्यात?
हवा, म्हटलं. कालची.
कालच्या हवेचे पैसे घेत नाही, म्हणाला तो.

एकतीस वर्षं लाहौलात माझं हेच चाललं होतं.
सप्टेंबरात खिंड चढून जायचं,
वाफेच्या नळीनं बर्फात दहा मीटर भोक पाडायचं,
बांबू उतरवायचे, एकाला एक तारेनं बांधून,
आणि पुढच्या वर्षी येऊन बघायचं
किती उघडा पडला.
बस. याला शास्त्र म्हणतात, पगार देतात.

बापूस खाडीच्या तोंडाशी डोलीचे खुंट रोवायचा.
तोही वाकून बघायचा, किती उघडा, किती पाण्यात.
पहिल्या खेपेहून आले तेव्हा सगळं सांगितलं,
तर म्हणाला, मग शिकलीस काय?
हे मीच दाखवलं असतं.

त्याला हेही सांगितलं होतं
की आपल्याकडे हिमनदी कधी आली नाही,
जांभा हा उन्हापावसाचा दगड, त्याला थंडी ठाऊक नाही,
पण तिकडे उत्तरेत बर्फ साठत गेला तेव्हा
त्यानं इथला समुद्र उचलून नेला,
पासष्ट वाव खाली.
तुझ्या जाळ्याखाली, बाबा, तेव्हा झाडं होती.
तो बराच वेळ विडी न पेटवता बसला.
मग म्हणाला, तरीच.
तरीच तिथे जाळं फाटतं.

एक दगड आणला होता मी,
एका अंगानं घासून सपाट, त्यावर समांतर ओरखडे,
हिमनदीनं ओढत नेल्याचे.
वहिनीनं तो सुकटीवरच्या जाळीवर ठेवलाय,
वाऱ्यानं उडू नये म्हणून.
ओरखडे खाली. मी काही बोलले नाही.

शेवटच्या वर्षी गेले तर
सात नंबरचा बांबू बर्फावर आडवा पडलेला,
सगळाच्या सगळा उघडा.
वहीत लिहिलं, सात : बंद.
तंबूपर्यंत मात्र खांद्यावरून आणला,
का, कोण जाणे.

भाऊ, हरेश्वर, शास्त्राचं कधी विचारत नाही.
परवा उधाणाचं पाणी त्याच्या जाळ्यांच्या खोपीत
उंबऱ्याला लागून गेलं.
जेवताना म्हणाला,
तुजा तो बरफ सगला वितलला तं पानी कवर येल?
माझ्याकडे आकडा आहे.
खरं तर तीन आकडे आहेत, कमी-जास्त धरून.
मी म्हटलं, कढी वाढ.

अमावस्येच्या सुकतीला, संध्याकाळी, एकटीच खाली उतरले.
कारखान्यामागच्या चिखलात
कंबरभर खोल बांबू रोवला, वीतवीतभर अंतरावर खाचा पाडलेला.
सकाळी जाऊन बघते तर
कुणीतरी त्याला होडी बांधून ठेवलेली,
दोर नेमका चौथ्या खाचेत बसवून.

वही काढली.
पाणी तिसऱ्या खाचेला होतं.
तसं लिहिलं, वेळ लिहिली,
आणि पुढे, रकाना नव्हता तरी,
होडीचं नाव.