वारा

पोटावर उजवीकडे, चिरल्या रातांब्यासारखं
लाल, ओलं तोंड.
हात लावला तरी दुखायचं नाही.
त्याचंच वाईट वाटायचं.

चार महिने पिशवी.
द्वारकी भोक कापायची, जाळ्याचा आस मोजावा तशी
बोटाच्या पेरानं.
भजनात ते मधेच गुरगुरलं
तेव्हा भिकूबुवांनी टाळ मोठ्यानं वाजवले.

आता आतडं जोडलंय. रत्नागिरीत चौथा दिवस.
सिस्टर दारातूनच, "वारा सरला?"
हर्णैहून पोराचा फोन, "बाबा, वारा?"
शिडाच्या होडीवर वाढलेला मी,
एवढी वाट भर दर्यात अडकूनही पाहिली नव्हती.

पहाटे तीनला आला.
बारीक. मतलई,
होड्या बाहेर काढतो तो.

द्वारकीला उठवलं.
शेजारच्या खाटेवरून झुबेरभाई
झोपेतच म्हणाले,
"सुटलात."