आ

उपकेंद्राची वीज साडेनऊला गेली.
एकशेआठवाले म्हणाले, गाडी निघालीये,
निर्गुडेच्या पुलाचं काम चालू आहे, वळसा पडेल.
मोनाली भिंतीकडे तोंड करून कण्हत होती.
मनकर्णाबाई,
सरकारी कागदात अप्रशिक्षित दाई,
दारात तंबाखू मळत म्हणाली,
"शिष्टर, थ्या पुस्तकात काय हाय? वाच न वं, रात तं कटन."

वाचनालयाचा शिक्का, पुठ्ठा गेलेला.
ग्रीक लोकांची गोष्ट, जग कसं झालं त्याची.
सगळ्यात आधी खाओस होता, मी वाचलं.
"खाऊस? काय खाऊस?"
खाओस, माय. पोकळी. मुळात म्हणे आ वासणं.
काहीच नाही, नुसती जांभई.
"अन् जांभई देल्ली कोनं?"
मी पान उलटून पाहिलं. ते लिहिलं नव्हतं.

मग गाया आली, रुंद छातीची पृथ्वी.
मग तार्तारस, इतकं खोल
की वरून ऐरण सोडली तर
नऊ दिवस नऊ रात्री पडतच राहील.
"वणीच्या खदानीत येवढा येळ नाई लागत,"
ती म्हणाली, आणि बराच वेळ काही म्हणाली नाही.

मग इरॉस. प्रेम.
"येवढ्या लवकर?"
मोनालीसुद्धा हसली, मग कळ आली.

खाओसच्या पोटी काळोख आणि रात्र,
रात्रीच्या पोटी दिवस.
"हे खरं हाय. म्या काढले थे पोट्टे समदे रातीचेच.
दिवसा आले दोन, अन् दोनी तलाठी झाले."

मोबाइल सत्तावीस टक्क्यांवर.
गायानं एकटीनंच आभाळ जन्माला घातलं,
आपल्याच मापाचं, अंगभर पांघरता येईल असं.
त्याच्यापासून तिला दिवस गेले. पण आभाळ उठेचना.
पोरं आतच. वाढलेली, दुमडलेली,
बाहेर यायला वाट नाही.

तेव्हा मनकर्णाबाई उठली.
हात धुतले, कोपरापर्यंत, मी शिकवलं तसे,
आणि मोनालीच्या पोटावर तळवा ठेवला,
कापसाच्या गंजीत ओल आहे का बघतात तसा.
"मंग?"
मग गायानं दगडाचा विळा केला.
कोण घेतं, म्हणाली. शेंडेफळ म्हणालं, मी.
त्यानं बापाला कापलं.
कुठे कापलं ते मी वाचलं नाही.

"चुकलं."
पुस्तक चुकलं की पोरगं, कळेना.
"आभाळ तिचंच पोट्टं नवं का?
मंग त्याची नाळ कोनं कापली?
कोनीच नाई. म्हून तं थे तिले चिकटून होतं.
इळा बापासाठी नसते वं, शिष्टर.
माह्या सासूचा बी होता एक,
गोवरीच्या इस्त्यावर लाल कराची."

मोनाली ओरडली.
पुस्तक पालथं ठेवलं ते तसंच राहिलं.
त्यानंतर फक्त, दाब, थांब, आता दाब,
डोकं, एक खांदा, घसरतं ऊन ऊन सगळं,
आणि एक निळसर जीव माझ्या हातात,
रडत नव्हता.

मी पाठ चोळली. तळवे चोळले.
मग तोंड उघडलं.
रडण्याच्या आधीचं. आवाज नाही, दात नाहीत, नाव नाही,
नुसता आ.
मनकर्णाबाईनं मोबाइल जवळ आणला.
उजेड आत गेला आणि कशालाच टेकला नाही.
"हेच का वं तुह्यं खाऊस?"
ती इतकं हळू म्हणाली
की ते रडण्यात बुडून गेलं.

पात्याचं पाकीट मी दातानं फाडलं.

गाडी पाच दहाला आली.
ड्रायव्हरनं आधी विचारलं, वळवायची कुठून?
मी रजिस्टरात लिहिलं: मुलगी, चार बारा,
दोन किलो सहाशे. नावाच्या रकान्यात रेघ.
बाहेर तुरीच्या शेंड्यांवरून
आभाळ जमिनीपासून चारेक बोटं सुटलं होतं.

मनकर्णाबाई पायरीवर बसली होती.
तिनं मोठी जांभई दिली
आणि तोंडापुढे चुटकी वाजवली.