तुम्ही कुणाकडच्या?

लग्नाच्या पंगतीत शेजारची बाई विचारतेच,
"तुम्ही कुणाकडच्या? मुलीकडच्या की मुलाकडच्या?"
इथे टोलेडोत त्याचा फॉर्म असतो.
एक पान, काही चौकोन, खाली सही.

केतकी न वाचताच सही करते.
"मावशी, तुमच्यापासून काय लपवायचं?
दोनशे दहापर्यंत ओढू आम्ही,
पण त्यांना आधी एकशे नव्वदच सांगा."
थांब, मी म्हणते, वाच आधी,
ती घरमालकीणही माझीच अशील आहे.
केतकी हसते.
आपलं माणूस असं म्हणतं का कधी, असं हसते.

डोलोरेस नोवाकोव्स्कीने चष्मा लावून दोनदा वाचलं.
एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली,
"म्हणजे तू भांडणार कुणासाठी?"
कुणासाठीच नाही.
"मग पैसे कशाचे घेतेस?"
तरी सही केली,
आणि मला प्लमच्या मुरंब्याची बरणी देता देता
सहज बोलून गेली,
एकशे पंच्याऐंशी आले तरी चालतील,
बर्फाच्या आत लेकीकडे टक्सनला पोचायचंय.

आता दोन आकडे माझ्या तोंडात,
या गालात एक, त्या गालात एक.
अळीमिळी गुपचिळी.
तळघरात मार्चमध्ये पाणी शिरतं
हे मी दोघींना सांगितलंय, लेखी.
फर्नेस बावीस वर्षांचा, तेही.
भिंतींचं सगळं बोलायचं,
माणसांचं चकार शब्द नाही.

दोन्ही डगरींवर हात म्हणतात याला.
नवरा म्हणतो, दोन्हीकडचं कमिशन.
त्याचंही खरं आहे.

बुधवारी रात्री केतकीचा फोन:
"तुम्ही आमच्या जागी असता तर किती म्हणाला असता?"
मी तुमच्या जागी नाही गं.
तिच्याही जागी नाही.
पलीकडे बराच वेळ नुसता पंखा ऐकू येतो.
मग ती म्हणते,
"बरं, मॅडम."

शुक्रवारी एकशे सत्त्याण्णववर ठरलं.
दोघींना वाटतंय, आपण जरा जास्तच सोडलं.
दोघींना वाटतंय,
मी पलीकडची होते.

बरणी अजून गाडीतच आहे, पुढच्या सीटवर.
ठेवावी की परत करावी,
फॉर्मवर तसा चौकोन नाही.
वळणावर कलंडते म्हणून
तिला पट्टा लावलाय.