लागू नाही

मे महिन्यात दुपारी अडीचला दौलतगंजात
मशीनमधून निघालेला झेरॉक्सचा कागदही
बाहेरच्या हवेपेक्षा गार लागतो.
अशा वेळी सासवडकरांची ईरा आली,
ओढणीनं डोकं-तोंड बांधून, डोळे तेवढे उघडे
(ग्वाल्हेरच्या उन्हात सगळ्याच मुली दरोडेखोर दिसतात),
फोल्डरमध्ये बारावीची गुणपत्रिका.
सत्त्याण्णव पूर्णांक चार.
गणितात शंभर.

म्हणाली, काका, पुण्याचा फॉर्म.
सरकारी विद्यापीठ, संख्याशास्त्र.

पंचवीस वर्षं मी फॉर्म भरतोय.
रेशनचे, पेन्शनचे, पटवारी भरतीचे,
मेलेल्या माणसांचे सुद्धा.
फॉर्मला काय आवडतं ते मला ठाऊक आहे:
थोडक्यात उत्तर
आणि जन्मतारीख सगळीकडे एकच.

नाव, ईरा श्रीनिवास सासवडकर.
मातृभाषा, मराठी.
इथवर पान हिरव्या खुणा करत गेलं.
राज्य, मध्य प्रदेश.
तसे तीन रकाने राखाडी पडून मिटले
आणि खाली एक उघडला, जो तोवर नव्हताच:
राज्याबाहेरील उमेदवार. जागा सहा.

ती स्क्रीनवर वाकली.
पण आमचं आडनावच तिकडचं आहे.
मी म्हटलं, आडनावाला रकाना आहे, बेटा,
आडनावातल्या गावाला नाही.

कधी काळी तिचा कुणी पूर्वज
कुणाच्या तरी फौजेबरोबर हिशेब लिहायला इकडे आला,
परत जायचं राहून गेलं.
आमटीत गूळ राहिला, सकाळी बेडई आली.
मराठी राहिली,
ती 'येऊन राहिली' अशी राहिली.
इथं भाजीवाल्याला आम्ही दक्षिणी,
तिकडे लग्नाला गेलो की
जेवणाच्या पंगतीत कुणीतरी हिंदीत विचारतं, और लेंगे?

चान्स किती, काका?

या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे.
होऊन जाईल.
सातव्यांदा पटवारीला बसणाऱ्या टकल्या माणसालाही
मी हेच सांगतो आणि चहा पाजतो.
पण गणितात शंभर असलेल्या मुलीसमोर
जीभ उचलेना.
तिनंच माझी पावती उलटी केली.
गेल्या वर्षी अर्ज नऊशे चाळीस. भागाकार.
शेकडा पाऊणसुद्धा नाही.
मग स्वतःच खोडलं. म्हणाली,
चिठ्ठ्या थोड्याच काढणार आहेत ते,
सगळे सारखे धरून कसं चालेल?
शोधून काढलं: बाहेरच्यांची यादी
सत्त्याण्णव पूर्णांक दोनला थांबली होती.
आतल्यांची एकोणनव्वदला.

पंखा फिरत होता. ती काही बोलली नाही.
नंतर म्हणाली, बरोबरच आहे,
त्यांच्या आईबापांनी तिथं कर भरलाय.
आपल्याकडेही बिहारच्या पोरांना असंच करतात.
बरोबरच आहे, म्हणाली पुन्हा,
आणि दोन दशांशाखाली पेनानं रेघ ओढत राहिली,
कागद फाटेपर्यंत नाही,
त्याच्या थोडं अलीकडेपर्यंत.

शेवटी एक ऐच्छिक रकाना होता, मूळ गाव.
मी न विचारताच सासवड टाइप केलं.
लाल अक्षरांत आलं: लागू नाही.
काढा, म्हणाली.
मी पुसायला लागलो तर
थांबा, म्हणाली.
कॉलेजपासून किती लांब आहे ते?
एसटीनं तासभर, मी म्हटलं. ऐकलंय.
मीही कुठं गेलोय.
मग काढा.

ओटीपी बाबांच्या मोबाइलवर गेला.
बाबा मुरैन्याला,
सरसोंच्या तेल मिलमध्ये हिशेब लिहायला.
दहा मिनिटांची मुदत, सात सरली, फोन लागेना.
लागला तेव्हा मागे घाणी चालू होती,
आकडे ते ओरडून सांगत होते
आणि ही एका कानावर हात ठेवून
पुन्हा पुन्हा विचारत होती,
सहा का नऊ, बाबा?
सहा का नऊ?