हरकत क्रमांक एकोणचाळीस

बाळकुमच्या समाजमंदिरात नकाशा अंथरला
तेव्हा पंख्याने त्याचे कोपरे उचलले.
कुणीतरी दोन टोकांवर चपला ठेवल्या,
तिसऱ्यावर जाळ्याची शिशाची गुंडी,
चौथं मी धरून बसलो. पगार त्याचाच होता.

कारखाना बंद पडून अकरा वर्षं झाली.
धर्मा नाखवा अजून रंगावरून वार सांगतो:
सोमवारी खाडी जांभळी, गुरुवारी हळदीसारखी,
सुट्टीच्या दिवशी नुसती खाडी.
त्याच्या नखांच्या मुळाशी थोडं निळं आहे,
हिशेबाच्या कागदांबरोबर तेवढंच घरी आणता आलं.

मी वाचून दाखवत होतो: धावपथ, कारंजं,
ज्येष्ठांसाठी बाकं, सेल्फीसाठी चौथरा.
पोरं म्हणाली, क्रिकेटचं काय?
अठराव्या मजल्यावरच्या मथाईबाई म्हणाल्या, वास.
सुक्या मासळीचा की नाल्याचा, ते सांगितलं नाही.
मी "वास" एवढंच लिहिलं.

मग गजरीबाय भोईर उठली.
नकाशावर पाय न देता, कडेकडेनं आली,
निळ्या रेघेपाशी वाकली.
"ही पान्याची हद कुनी लिवली?
तू ववटीला आल्तास नं, बाला?
उधानाला ये. नकाशा घेवून ये."

रकान्यात तारीख मागितली होती.
मी लिहिलं: अमावास्या.

गेलो. अभियंता आले, नगरसेविका आल्या,
बिल्डरचा माणूस आला, पांढऱ्या बुटांत.
धावपथ जिथून धावणार होता
तिथं बायकांनी आधीच बांबू रोवले होते.
भाषण कुणी केलं नाही.
तिवरांच्या मुळांतून आधी बुडबुडे आले,
मग खेकड्यांची पळापळ,
मग पाणी, बांबूंपर्यंत, बांबूंच्या पुढे,
बुटांत.
"दर महिन्याला?" मथाईबाईंनी सलवार वर धरत विचारलं.
"दोन बारी," म्हणत गजरीबायनं
त्यांचा हात धरून त्यांना दगडावर घेतलं.

नव्या नकाशात धावपथ चाळीस पावलं मागे आहे.
कारंजं गेलं. चौथरा गेला नाही.
होड्यांसाठी उतार आलाय,
पण त्याचं नाव "वारसा अनुभव बिंदू".
त्यावर नवी हरकत आम्ही लिहितोय,
मथाईबाईंच्या जेवणाच्या टेबलावर, खिडकी उघडी ठेवून.

धर्मा म्हणतो, नाव कायबी ठेवू द्या,
दगड तेवढा खरबरीत घाला म्हणावं.
शेवाळावरून तीनदा पडलोय मी.