कडता

दहा चौकोन आहेत फॉर्मवर,
पसंतीच्या क्रमाने भरायचे.
अकरावा नाही,
जिथे लिहिता येईल
गणितात एकसष्ट का.

तसं लिहिण्यासारखंही काही नाही.
ताप नव्हता. घरात कुणी गेलं नव्हतं.
बाहेरच्या बिंदूतून वर्तुळाला
एक स्पर्शिका काढायची होती,
आणि माझी पट्टी दर वेळी
वर्तुळ कापूनच गेली.
वीस मिनिटं.
मग घंटा.

त्र्याऐंशी पूर्णांक वीस.
कोपरखैरण्यात आमच्या ओळीत
दारोदार पेढे दिले तेव्हा
हा आकडा चांगला मोठा होता.
रात्री गेल्या वर्षीच्या याद्या उघडल्या
आणि तो बसल्या जागी सुकला,
ओल्या कांद्याचं पोतं सुकतं तसा.

झेरॉक्सवाले बिजू अंकल म्हणाले,
"पहिला नंबर वाया नको घालवू, बेटा.
घणसोली टाक, ऐरोली टाक. सेफ."
वाईट मनाने नाही बोलले.
मार्कशीटची कॉपी त्यांनी दोनदा काढली,
पहिली फिकट आली म्हणून,
आणि पैसे एकीचेच घेतले.

मला हवं ते कॉलेज खाडीच्या पलीकडे.
तिथे म्हणे दगडांची कपाटं आहेत,
प्रत्येक दगडाखाली गावाचं नाव.
पारसिकच्या डोंगरातला एक
माझ्या दप्तरात आहे, सातवीपासून.
त्याच्या पोटात पांढरे स्फटिक आहेत
आणि त्याचं नाव मला कुणीच सांगू शकलेलं नाही.
तिथलं दार गेल्या वर्षी
ब्याण्णव पूर्णांक साठला बंद झालं.

पप्पा मापाडी, कांदा-बटाटा मार्केटात.
कट-ऑफ म्हणजे काय, विचारलं त्यांनी.
मी सांगितलं.
"म्हणजे कडता," ते म्हणाले.
"पोत्याचं वजन, मातीचं, ओलीचं,
म्हणून गोणीमागे दोन किलो आधीच वजा.
बंद झालाय आता. कागदावर."

तसं नसतं हो पप्पा.

"मग कसं असतं?"

मला नीट सांगता आलं नाही.
ते चहा बशीत ओतत राहिले.
मग म्हणाले,
"कापणारा कापेल तेव्हा कापेल.
पण गावाहून निघताना
स्वतःच गोणीतले चार कांदे काढून ठेवून
गाळ्यावर आलेला माणूस
मी तरी अजून बघितला नाही."

पहिल्या चौकोनात मी खाडीपलीकडचं लिहिलं.
दुसऱ्यातही पलीकडचंच.
तिसऱ्यापासून अंकलचं ऐकलं.

फॉर्म लॉक करायला ओटीपी लागतो
आणि नंबर पप्पांचा.
पहाटे साडेपाचला फोन लावला.
मागे गाड्या, कुणाचीतरी शिवी,
काट्यावर गोणी आदळल्याचा आवाज.
"थांब," म्हणाले,
आणि वजन पुकारतात त्या सुरात,
सगळ्या गाळ्याला ऐकू जाईल असं,
"चार! शून्य! सात! सात! दोन! नऊ!"

मागून कुणीतरी ओरडलं,
"कुठली गाडी, चिकणे?"

"घरची," पप्पा म्हणाले.

स्क्रीनवर एक वर्तुळ
फिरत राहिलं बराच वेळ.
मी त्याला हात लावला नाही.