बांज

सर्जेदादानं पलटणीतून सुट्टीवर येताना
बूटपॉलिशच्या डबीत तीन बिया आणल्या,
तिघींच्या डोक्याला टोप्या,
आणि एका मोज्यात मूठभर काळी माती.
"बांज," म्हणाला, "तिकडं कुमाऊंत डोंगरच्या डोंगर असतात."

दोन कुजल्या.
तिसरीनं आधी मूळ काढलं,
वीतभर, पांढरं, सरळ खाली,
पानाची घाईच नाही.

ते मूळ मी अर्ध्यात छाटलं.
हात थरथरला नाही,
याचंच दोन दिवस वाटत राहिलं.

कोरेगावात आमचं मोटार वाइंडिंगचं दुकान.
जळक्या मोटारीतली तांब्याची तार
हे किलोवर घालतात, त्यातली थोडी मी चोरते.
जळून निघालेली तार मऊ असते,
फांदीला लवकर काचत नाही.
तरी पावसाळ्यात आठाआठ दिवसांनी बघावं लागतं,
फांदी जाड होते आणि सांगत नाही.
एकदा राहिलं.
वळ अजून आहे, गोंदल्यासारखा.

विटांचा चुरा, तिळगंगेची वाळू चाळून,
उन्हाळाभर कुंडीभोवती ओलं गोणपाट,
दुपारी न्हाणीच्या भिंतीची सावली.
चैत्रात जांभळट कोंब येतात.
जुनी पानं तोवर थांबलेली असतात,
मग एकेक करून, कुणाला न कळता, जातात.
लोक म्हणतात, हे झाड झडतच नाही.
झाडणारीला विचारा.

नर्मदाक्का दळण घेऊन चाललेली, थबकली.
"कसलं गं हे?"
"बांज."
तिनं पदर तोंडाला लावला.
"दारात असलं नाव घेऊ नये बाई. त्यात तू..."
पुढचं गिळलं.
मी पान उलटं करून तिच्यापुढं धरलं,
वरून हिरवं, खालून पांढरी मऊ लव.
"हात लाव," म्हटलं.
तिनं लावला.
दळणाचा डबा कमरेवर, आणि अंगठा
पानावरून परत परत.

सातव्या वर्षी कुंडी बदलताना
मुळांत पांढरं जाळं सापडलं.
बुरशी! नळाखाली धरणारच होते,
तेवढ्यात दादाला फोन लावला.
"धुऊ नको," तो म्हणाला,
"तिकडं प्रत्येक बांजाखाली असतं ते.
मोज्यातून माती कशाला दिलती मग?"

आता दादा साताऱ्यात एटीएमच्या दारात
रात्रपाळीला खुर्ची टाकून बसतो.
रविवारी येतो.
झाड वीस वर्षांचं, दीड वीत.
"याच्या बुडाला झरे असतात," एवढंच सांगतो,
दर वेळी तेवढंच.
चहा निवतो.

मग गुडघा धरत तो खाली बसतो,
अजून खाली, एका कोपरावर,
पाठ फरशीला टेकेपर्यंत,
टोपी काढून बाजूला ठेवतो
आणि फांद्यांमधून
वर बघतो.